जमिनीवरची गोळी आणि पाण्यावरची गोळी

"मॅडम, ही गोळी किती दिवस घ्यायची?"

बोईसरच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की पेशंटने खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणला की तो आता हेच विचारणार, हे मला कळतं. उमेदीच्या काळात मी यावर मोठं व्याख्यान द्यायचे. आता उलट विचारते, "तुम्ही जेवण किती दिवस घेणार आहात?" काहीजण हसतात. काहींना राग येतो. मला रागावणारे पेशंट जास्त आवडतात. ते वाद घालतात, पण गोळी सहसा सोडत नाहीत. हसणारे मात्र हसत हसत निघून जातात आणि पुढे कधीतरी पायाची न भरणारी जखम घेऊन उगवतात.

मी मूळची कराडकडची. नवऱ्याला इकडे वीजकेंद्रात नोकरी लागली म्हणून आले आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत दवाखाना थाटला. नवरा निवृत्त होऊन कुंड्यांमध्ये रमला, मी अजून बसते. ताप, खोकला, जुलाब, कारखान्यातल्या वाफेने चुरचुरणारे डोळे, सगळं बघते. पण गेल्या काही वर्षांत दवाखान्यावर साखरवाल्यांनीच कब्जा केलाय. त्यात माझंही नाव लागलं. दवाखान्याचं सगळं सांभाळणारी सुनंदा माझा रिपोर्ट बघून एवढंच म्हणाली, "बरं झालं मॅडम. आता तुम्हाला कळेल."

कळलं. गोळी लिहिणारा हात आणि गोळी गिळणारा घसा यांच्यात किती अंतर असतं, ते कळलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, साखरेच्या डॉक्टरला काय काम? आकडा वाढला की गोळी वाढवायची, उतरला की कमी करायची. तेवढंच असतं तर सुनंदानेच दवाखाना चालवला असता, आणि माझ्यापेक्षा बरा चालवला असता. खरं काम तोलायचं आहे. या औषधांचा फायदा म्हणजे न घडलेली गोष्ट. न गेलेला डोळा, न कापलेलं बोट, न बिघडलेली किडनी. न घडलेली गोष्ट कोणाला दिसते? त्रास मात्र लगेच दिसतो. पोट बिघडतं, वजन वाढतं, हातपाय थरथरतात. आज दिसणारा त्रास एका पारड्यात आणि दहा वर्षांनी न दिसणारा फायदा दुसऱ्या पारड्यात. आणि पारडं जड कुठलं, हे प्रत्येक माणसाचं वेगळं.

पालघरहून एक सामंत म्हणून गृहस्थ यायचे. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. गोळ्यांच्या खोक्यात तो पातळ कागदाचं घडीघडीचं पत्रक असतं ना, आपण जे पहिल्यांदा फेकतो, ते सामंत भिंग लावून वाचायचे. आणि वाचलेलं सगळं त्यांना व्हायचं. "मॅडम, डोकं दुखतं, ते पहिल्या ओळीतलं. मळमळ, ती दुसऱ्या ओळीतली. आज सकाळपासून मला पाचव्या ओळीतलं वाटतंय."

"पाचव्या ओळीत काय आहे?"

"क्वचित पुरळ."

मी हसले, त्यांना ते आवडलं नाही. मग कोणीतरी त्यांच्या मोबाईलवर पाठवलं, की साखरेच्या गोळ्यांनी किडनी जाते. झालं. सामंतांनी गोळ्या बंद केल्या आणि कारल्या-जांभळाचा रस सुरू केला. पी हळद आणि हो गोरी असं असतं तर काय हवं होतं! वर्षभराने आले तेव्हा लघवीतून प्रथिनं जायला लागली होती. म्हणजे ज्या किडनीसाठी गोळी सोडली, तिलाच साखरेने गाठलं होतं.

सामंतांनी रिपोर्टही भिंग लावून वाचला. म्हणाले, "पत्रकात तर होतं की किडनीवर..."

"पत्रकात असंय, की किडनी आधीच बिघडली असेल तर ही गोळी जपून द्या. म्हणून तर मी तुमची रक्ततपासणी करायला सांगायचे. सामंत, गोळीबरोबर पत्रक येतं. साखरेबरोबर पत्रक येत नाही. आलं असतं तर ते या टेबलावर मावलं नसतं."

मला वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत. परत गोळ्या घ्यायला लागले, आता तपासणीही वेळेवर करतात. पण ते गेलेलं वर्ष काही परत आलं नाही. मला अजून त्याची हळहळ वाटते, कारण माणूस आळशी नव्हता, बेफिकीर नव्हता. उलट जास्त काळजीवाला होता. काळजी चुकीच्या दाराशी राखण करत बसली होती.

गोळ्यांना मी अगदीच निर्दोष ठरवत नाही. मेटफॉर्मिन म्हणून जुनी, स्वस्त, भरवशाची गोळी आहे. ती वर्षानुवर्षं घेतली तर काहींच्या अंगातलं बी-बारा कमी होतं आणि पायाला मुंग्या येतात. मुंग्या साखरेनेही येतात. कोणाच्या मुंग्या, ते तपासूनच ठरवावं लागतं. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या आहेत, हृदयाला-किडनीला चांगल्या. पण त्यांच्याबरोबर अंगातलं पाणीही जातं. भट्टीजवळ उभं राहून आठ तास घाम गाळणाऱ्याला ती देताना मी दहादा विचार करते. आणि एक गट आहे, जो स्वादुपिंडाला चिमटा काढतो. साखर असो वा नसो, इन्सुलिन सोड म्हणतो. आमच्या दवाखान्याच्या भाषेत ती "कडक गोळी". आकडा झटकन खाली आणते, खिशाला परवडते. अट एकच. ती घेतली की जेवायचंच. न जेवता बसलात तर अंगात आहे ती साखरही ओसरते, घाम फुटतो, बुद्धी फिरते, माणूस आडवा होतो.

ही अट कागदावर सोपी दिसते. बोईसरमध्ये ती सोपी नाही.

सालवडला भाड्याच्या खोलीत राहणारा बालाजी हा सोलापूरकडचा कामगार. गावाकडच्या डॉक्टरांनी त्याला कडक गोळी लिहून दिली होती, "सकाळी नाश्त्याआधी". गावाकडे सकाळ म्हणजे सकाळ असते. इथे बालाजीची रात्रपाळी सुटायची तेव्हा जगाची सकाळ व्हायची. तो घरी आला, गोळी घेतली, बायको पोहे टाकतेय तोवर जरा पाठ टेकतो म्हणाला आणि झोपला. थकून आलाय, झोपू दे, म्हणून तिने उठवलं नाही. दुपारी उठवायला गेली तर उठेना. शेजाऱ्याने रिक्षात घालून आणला. शेजारी सारखा सांगत होता, "मॅडम, दारू नहीं पीता ये, कसम से. ड्यूटी करके सीधा घर आया था."

ग्लुकोज लावलं तसे बालाजीने डोळे किलकिले केले आणि विचारलं, "शिफ्ट सुटली का?" त्याला तसाच पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवला, कारण या गोळीचा अंमल उतरला असं वाटतं आणि साखर पुन्हा घसरते. त्याची बायको दारात उभी राहून रडत होती. "सकाळची गोळी सकाळीच घेतली की हो त्यांनी. काय चुकलं सांगा की."

काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी कोणाच्याही कागदावर "सकाळी" लिहीत नाही. "जेवणाच्या ताटावर बसल्यावर" असं लिहिते. आणि गोळी देण्याआधी विचारते, काम काय, शिफ्ट कुठली, दिवसातलं पहिलं जेवण कधी आणि कोणाच्या हातचं.

या विचारण्यातूनच मला समुद्राचं वेळापत्रक कळलं.

तारापूरच्या पुढे किनाऱ्यावरच्या एका गावातला हरेश्वर हा माझा जुना पेशंट. तो तांडेल आहे, म्हणजे बोटीचा कप्तान. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, वारा बघून परत कधी फिरायचं, सगळं तांडेल ठरवतो. रुंद खांदे, बोलणं मोजकं. त्याची बायको नर्मदा बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते. नवऱ्याची साखर काढायला तीच त्याला धरून आणायची.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तांडेल घरी. बसून जाळी विणायची, तीन वेळा भात, दुपारची झोप. साखर वर चढते, पूर्ण कडक गोळी लागते. नारळी पुनव झाली की बोटी पाण्यावर. मग सतत अंगमेहनत, जेवणाचा पत्ता नाही. तीच पूर्ण गोळी तिकडे घातक. म्हणून मी त्याला दोन प्रकारे औषध बांधून द्यायला लागले. जमिनीवर पूर्ण कडक गोळी, पाण्यावर अर्धी. बाकीच्या सौम्य गोळ्या दोन्हीकडे सारख्या. सुनंदा एका पाकिटावर घर काढते, दुसऱ्यावर होडी. आता किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत ही घराची आणि होडीची पाकिटं सापडतील. एवढ्या वर्षांत मी काय कमावलं असं कोणी विचारलं, तर मी आधी हे सांगीन. सुनंदा म्हणते, होडी तिने काढली. तेही खरंच.

एका दिवाळीनंतर पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हरेश्वरला सांगितलं, की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर ठिपके दिसायला लागलेत. साखरेचे ठिपके. साखर आटोक्यात ठेवली नाही तर वाढतील.

हरेश्वरने मला काही विचारलं नाही. त्याने स्वतःशी हिशोब मांडला, की पाण्यावर अर्धी गोळी घेतो म्हणून डोळे बिघडले. अर्ध्याने होत नाही तर पूर्ण घ्यावी. समुद्रावर जाताना त्याने होडीचं पाकीट घरी ठेवलं आणि घराचं पाकीट खिशात घातलं.

चार दिवसांनी ते तिघं माझ्यासमोर बसले होते. हरेश्वर, नर्मदा आणि त्यांचा मोठा मुलगा प्रवीण. प्रवीण बापाच्याच बोटीवर खलाशी आहे, दोन मुलांचा बाप. हरेश्वर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. बोलला प्रवीण.

"सकाळी गोळी घेतली त्यांनी. जेवन तयार व्हता. पन तवाच जाला जड लागला, सगले वडायला लागलो. जाला वर येईस्तोवर टाइम गेला. मग खलाशी जेवले. बाबा शेवटी जेवतात, आमच्या बोटीवर तसाच हाय. तांडेल शेवटी."

"मग?"

"बाबा बडबडायला लागले. घाम असा, की जसे पान्यातून काडले. बोट वळवली ती उलटीच, मोठ्या बोटींच्या वाटेवर. मी बोललो, बाबा, हिकडं नाय. तर मना शिवी दिली. आमच्यात तांडेलाच्या हातातून सुकानू कोन घेत नाय, बाय. कोनाची हिंमत नाय. सगले बघत राहिले. मग त्यांचा हातच सुटला आनि ते खाली बसले."

बोटीत देवाच्या फोटोपुढे खडीसाखर ठेवलेली असते. प्रवीणने सुकाणू धरलं आणि दुसऱ्या खलाशाने ती खडीसाखर पाण्यात विरघळवून हरेश्वरला अजून गिळता येत होतं म्हणून थोडी थोडी पाजली. किनाऱ्याला येईपर्यंत पाजत राहिले. हे त्यांना कोणी शिकवलं होतं? मीच, मागे एकदा नर्मदेला सांगितलं होतं आणि तिने सगळ्या बोटीला सांगून ठेवलं होतं.

आता तिढा असा. हरेश्वरला डोळे हवे होते. नुसते डोळे नाहीत, तांडेलाचे डोळे. लांबच्या बोटीचा दिवा कुठल्या बाजूचा, पाण्याचा रंग कुठे बदलला, हे ज्याला दिसत नाही तो तांडेल नाही. म्हणजे डोळे गेले तर बोट गेली. आणि डोळे राखायला कडक गोळी घेतली आणि पुन्हा असं झालं, तर बोटीसकट माणसं जायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

नर्मदेने तिचा निकाल लावून टाकला होता. "बाय, ती गोळी बंद करा. डोले गेले तर मी बसवून भरवीन त्याला. दर्यात गेला तर कोनाला भरवू?"

हरेश्वर पहिल्यांदा बोलला. "मना भरवायला नको. मना बोट चालवायची हाय."

मी टेबलावर गोळ्यांच्या तीन रिकाम्या पट्ट्या ठेवल्या. मला असं वस्तू मांडून बोलायची सवय आहे, नुसतं तोंडाने सांगितलेलं माझ्याच लक्षात राहत नाही. "तीन वाटा आहेत," म्हटलं. "पहिली, पाण्यावर कडक गोळी पूर्ण बंद. तुम्ही चक्कर येऊन पडणार नाही, पण साखर वर राहील आणि ठिपक्यांना आवर बसणार नाही. दुसरी, सुई. इन्सुलिन."

"सुई नको."

सुईला नको म्हणणाऱ्याला मी सहसा सोडत नाही, पण इथे मलाही धाकधूक होती. याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका बोटवाल्याने इन्सुलिन थंड ठेवायचं म्हणून बर्फाच्या खणात पापलेटांबरोबर ठेवलं होतं. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. तो रोज इमानेइतबारे पाणी टोचून घेत राहिला आणि साखर चढत राहिली.

"तिसरी वाट," मी म्हटलं, "होडीच्या पाकिटातली अर्धीच गोळी. पण जेवायला बसल्यावर, आणि जाळ्याला हात लागायच्या आधी तुमचं जेवण. सगळ्यांच्या आधी."

"ते नाय व्हनार."

"का?"

"माझा बाप शेवटी जेवला. त्याचा बाप शेवटी जेवला. खलाशी उपाशी आनि तांडेल तोंड हलवतो, त्याचा शब्द दर्यात कोन ऐकेल?"

मी चिडले. खोटं कशाला सांगू? मी म्हटलं, "आणि तांडेल बोट उलटीकडे नेतो, त्याचा शब्द कोण ऐकेल?" प्रवीणने मान खाली घातली. हरेश्वरने एकच गोष्ट विचारली. "तिसऱ्या वाटेने डोले टिकतील?"

अशा वेळी होय म्हणावंसं वाटतं. माणूस होय ऐकायलाच आलेला असतो. "सांगता येत नाही," मी म्हटलं. "ठिपके वाढायचा वेग कमी व्हायची शक्यता जास्त आहे. वेळ पडली तर लेझर आहे. पण टिकतीलच, असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका."

"आनि पयल्या वाटेने?"

"पहिल्या वाटेने धोका जास्त. आज नाही, हळूहळू."

तो उठला. "पयली," म्हणाला. "मानसा माझ्या जिवावर बोटीत चढतात. डोले माझे एकट्याचे हायेत."

नर्मदेने सुटकेचा श्वास टाकला. मी त्याच्या कागदावर पाण्यावरच्या कडक गोळीवर काट मारली. मला त्याचं पटलं नव्हतं, पण त्याचं तोलणं त्याने केलं होतं, आणि ते मूर्खपणाचं नव्हतं. माणसाने औषध नाकारलं की डॉक्टरला अपमान वाटतो. या धंद्यात मुरायला लागतात ती वर्षं बहुतेक हा अपमान गिळण्यातच जातात. मी एवढीच अट घातली, की बंदीच्या दिवसांत डोळे परत दाखवायचे.

हे वाचून कोणी आपल्या गोळ्यांवर आपणच काट मारू नये. नाहीतर पुढच्या वर्षी मला तुमची गोष्ट लिहावी लागेल.

पावसाळ्यात पालघरचा रिपोर्ट आला. ठिपके वाढले होते. फार नाही, पण वाढले होते. नर्मदा तो कागद घेऊन एकटीच आली आणि माझ्यासमोर बसून त्याची घडी पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. बाजारात ही बाई गिऱ्हाइकाला बोलू देत नाही. मला फार वाईट वाटलं. "मीच बोलली व्हती, बंद करा," एवढंच ती उठताना म्हणाली.

"तुमचं चुकलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही जे राखायला बघत होता ते राखलंत."

त्यानंतर आठवड्याभराने प्रवीण आला. एकटा. पाणी प्यायला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "बाय, ती तिसरी वाट अजून हाय का?"

"आहे. पण तुमचे बाबा..."

"बाबांना इचारलाच नाय आमी. सगल्या खलाशांनी ठरवला. तांडेल जेवल्याशिवाय कोन जाल्याला हात लावनार नाय. त्यांनी कितीपन शिव्या घालू दे."

"तांडेलाचा हुकूम मोडणार?"

"मोडनार," तो म्हणाला आणि लाजला.

नारळी पुनवेला त्यांनी मला बोटीवर बोलावलं. मी इतकी वर्षं इथे आहे, पण बोटीवर कधी चढले नव्हते. मला पाण्याची भीती वाटते, कराडच्या माणसाला कृष्णेएवढं पाणी पुरतं. सुनंदा माझा हात धरून चढली. बोट फुलांनी सजवलेली, नारळ समुद्राला अर्पण करून झाला होता. मग जेवणं निघाली. एका खलाशाने पहिलं ताट वाढलं आणि हरेश्वरपुढे धरलं. बाकी कोणी ताटाला हात लावेना. सगळे उभे. हरेश्वरने प्रवीणकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माझ्याबद्दल काही फार प्रेम नव्हतं.

त्याने ताट घेतलं, बोटीच्या टोकाकडे गेला, समुद्राकडे तोंड केलं, खलाशांकडे पाठ केली आणि जेवला.

"दर्यात पन असाच जेवेल बगा," नर्मदा माझ्या कानाशी म्हणाली. "पाठ करून. पन जेवेल." आणि तसंच झालं, हे पुढे प्रवीणने सांगितलं. अर्धी गोळी, आधी ताट, पाठ फिरवून. खिशात खडीसाखर.

त्याला आता काही वर्षं झाली. मागच्या महिन्यात हरेश्वर आणि नर्मदा पालघरहून परत जाताना डोळ्यांचा नवा रिपोर्ट दाखवायला आले. ठिपके आहेत तेवढेच आहेत. मधे एकदा लेझर झालं, पण दिवे दिसतात, पाण्याचा रंग दिसतो, बोट त्याच्या हातात आहे. न घडलेली गोष्ट अशी क्वचित कागदावर लिहून येते. मी तो कागद दोनदा वाचला.

दुपार बरीच कलली होती आणि बाहेर बाकं भरलेली होती. सणाच्या आधी सगळ्यांना एकदम साखर आठवते. सुनंदा रोज माझा डबा गरम करून ठेवते आणि मी तो रोज गार करून खाते. शेवटचा पेशंट गेल्यावर. पहिल्यापासून तसंच. बाहेर आजारी माणसं बसलेली असताना डॉक्टरने आत तोंड हलवायचं, हे मला कधी जमलं नाही. गोळी मात्र मी वेळेवर घेतली होती. माझ्या कागदावरही अर्धी कडक गोळी आहे.

मी रक्तदाबाचा पट्टा हरेश्वरच्या दंडाला बांधत होते. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"बाय, तुमचा हात थरथरतो."

"वय झालं."

"घाम पन हाय." तो थांबला. "तुमी कवा जेवल्या?"

"हे सगळे झाले की जेवते."

त्याने नर्मदेकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताने दंडावरचा पट्टा सोडला, खिशातून खडीसाखर काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि उठून दार उघडलं. बाकांवरच्या लोकांना त्याने बोटीवर सांगावं तसं, आवाज न चढवता सांगितलं, "बाय जेवल्याशिवाय कोनाला बगनार नाय. बसा."

कोणीतरी नंबरावरून कुरकुरलं. पण उठलं कोणी नाही.

तोवर नर्मदेने टेबलावरची माझी औषधं बाजूला सारून तिची पिशवी उघडली होती. तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी. सुनंदाने माझा डबाही आणून ठेवला, चेहऱ्यावर अगदी तोच भाव, माझा साखरेचा रिपोर्ट बघितला होता त्या दिवशीचा. दार अर्धं उघडंच राहिलं होतं. बाहेरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

मी खडीसाखर चावली, खुर्ची भिंतीकडे फिरवली, त्यांच्याकडे पाठ केली आणि जेवले.